चौथी लोकरीची टोपी

अहो,

पार्सल पोचलं. लुधियानाहून आलं, तुमच्या नावाने. आत लोकरीच्या टोप्या, नग चार: एक लाल, एक पांढऱ्यावर लाल पान विणलेली, एक पिवळी आणि एक पांढरी, निळ्या काठाची. मिळून अठराशे चाळीस रुपये, घरपोच आणण्याचे साठ वेगळे. पैसे आधी भरलेले नव्हते, मी दारात मोजून दिले. सही करताना नावाआधी काय लावायचं ते सुचेना. 'सौ.' आता चालत नाही आणि दुसऱ्याचं हाताला अजून वळण नाही. नुसतं 'सुमन' लिहिलं.

बेलापुरात, घामाच्या दिवसांत, लोकरीच्या टोप्या! आणि त्याही चार! घालणारी डोकी तीन. एवढा साधा हिशोब तुम्हाला जमू नये?

तुम्ही फौजेत होतात, लडाखला, तेव्हा माझं प्रत्येक पत्र असंच सुरू व्हायचं. मनिऑर्डर पोचली, इतके औषधाला गेले, इतके महेशच्या फीला. तुम्ही उत्तरात चिडवायचात, 'बायकोचं पत्र आलंय की कारकुनाचं?' पण उत्तर यायचं. बर्फाने रस्ता बंद होऊन अडकून पडायचं, उशिरा यायचं, पण यायचं. म्हणून आज पुन्हा तसंच लिहायला बसले आहे. तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे, आणि 'विचारून सांगते' असं मी काल दोन माणसांना सांगून बसले आहे.

ती दोन माणसं कोण, हे काय सांगायला हवं? कदम सर आणि इस्माईलभाई.

आपल्या गावात बर्फ म्हणजे इस्माईलभाईंच्या कारखान्यातली लादी. लाकडाच्या भुशात झाकून लग्नाच्या मांडवात नाहीतर रसवंतीवर जाणारी. त्यापलीकडे बर्फाशी कोणाला काही देणंघेणं नव्हतं. तुम्ही पेन्शनीत घरी आलात ते बर्फावरची हॉकी घेऊनच आलात. लडाखच्या गोठलेल्या तळ्यावर पायांना क्रिकेटचे पॅड बांधून तुम्हाला गोलात उभं केलं होतं, ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल! दर वेळी अडवलेले गोल वाढत जायचे. मी कधी टोकलं नाही.

मग दर मे महिन्याचं ठरूनच गेलं. परदेशात त्या खेळाची जागतिक स्पर्धा सुरू झाली की आपल्या बाहेरच्या खोलीत तुम्ही तिघे. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं आणि आत पंख्याखाली तीन म्हातारे बर्फावरून भांडायचे.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. ती काळी चकती एवढीशी, मला ती दिसायचीच नाही. माणसं दिसायची, म्हणून मी त्यांना कपड्यांवरून ओळखायचे. सरांचे ते लाल, छातीवर पांढरी फुली असलेले, स्वित्झर्लंडचे. इस्माईलभाईंचे पानवाले, कॅनडाचे. तुमचे पिवळे, तीन मुकुटांचे, स्वीडनचे. दरवर्षी तेच. सर भूगोलाचे मास्तर, त्यांनी जन्मभर फळ्यावर स्वित्झर्लंड काढला, आता म्हातारपणी त्याला सोडायचं कसं, हे त्यांचं म्हणणं. आणि त्यांचे लाल दरवर्षी छान खेळायचे आणि शेवटी शेवटी हरायचे. मग इस्माईलभाई गालातल्या गालात हसत म्हणायचे, "सर, तुमचा देश घड्याळं लई भारी बनवतो, पन येळेवर कदी पोचत न्हाई." सर म्हणायचे, "इस्माईल, तुझा बर्फ भुशात झाकून ठेवावा लागतो. तू बर्फावर बोलू नकोस." आणि तुम्ही दोघांना हात करायचात, फौजेत गाडी थांबवायचात तसा, आणि परत खेळ पुढे चालायचा.

सामने तिकडे संध्याकाळी, म्हणजे इकडे झोपेच्या वेळी. तुम्ही म्हणालात, जागरण नको, सकाळी दहाला बघू. म्हणून तुम्ही सगळे शिळा सामना बघायचात. निकाल लागून गेलेला असायचा, आणि तुम्हा तिघांना तो कळता कामा नये! त्यासाठी तुमचा तो नियम. आल्या आल्या तिघांचे मोबाईल माझ्याकडे, स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यात. सामना संपेपर्यंत डबा उघडायचा नाही. टीव्हीवर सामना लावायचं कामही माझं. लावताना कुठे निकाल लिहिलेला दिसला तरी मला त्याचं काही नव्हतं. तुम्ही तिघे भिंतीकडे तोंड करून उभे राहायचात, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. मी बटण दाबून 'वळा' म्हटलं की वळायचात.

खरं तर या गावात एवढी काळजी घ्यायची गरज होती का? वेशीपासून प्रवरेपर्यंत दुसऱ्या एका माणसाला त्या स्पर्धेचं नाव माहीत नव्हतं. निकाल सांगणार कोण?

आणि भाकीत. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी एकेकाने स्वयंपाकघराच्या दारात यायचं आणि कोण जिंकणार ते माझ्या कानावर घालायचं. मीच का? तर मला खेळ कळत नाही, म्हणजे माझी बाजू नाही, आणि माझ्या तोंडून काही फुटत नाही. सर गंभीर चेहऱ्याने येऊन 'स्वित्झर्लंड' सांगायचे, जसं काही यंदाच सुचलंय. तुम्ही मागाहून हळूच विचारायचात, "सरांचं काय?" मी म्हणायचे, "तो पापड उलटा करा जरा." अंतिम सामना संपला की मी तिघांची भाकितं सांगायची. ज्याचं खरं त्याला पहिला आंबा, मधली खुर्ची आणि वर्षभर बोलायचा हक्क.

यंदा ते दोघे सांगून गेले आणि तुम्ही शेवटी आलात. मी पापडाच्या लाट्या करत होते. तुम्ही म्हणालात, "तीन मुकुट." मी म्हटलं, बरं. तुम्ही जाल म्हणून वाट बघितली, तर तुम्ही तिथेच उभे.

"आणि तुझं काय?"

"माझं कशाला?"

"इतकी वर्षं दारात बसून बघतेस. सांग की."

मी सहज बोलावं तसं बोलले. "ते पांढरे, निळ्या काठाचे." फिनलंडचे ते, हे तुम्ही सांगितलंत. का म्हणून विचारलंत, तेही सांगितलं. त्या खेळात जो दांडगाई करतो त्याला बाजूच्या पेटीत नेऊन बसवतात आणि तेवढा वेळ बाकीच्यांना एक माणूस कमी घेऊन खेळावं लागतं. बाकी काही कळलं नाही तरी एवढं माझ्या ध्यानात आलं होतं. ते निळ्या काठाचे फारसे बसवले जात नाहीत. आणि एखादा बसवला गेलाच तर उरलेले ओरडत नाहीत, आपापली जागा आवरून धरतात. एक माणूस कमी असताना घर कसं चालवायचं ते मला माहीत आहे, म्हणून तेवढंच मला त्या खेळातलं ओळखू येतं.

तुम्ही हसाल असं वाटलं. हसला नाहीत. म्हणालात, "मग आता चार झाले."

मी म्हटलं, "मला नका धरू त्यात. माझं देवाचं करायचं पडलंय." तुम्ही एक लाटी उचललीत, तेलात बुडवून तोंडात टाकलीत आणि गेलात. त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही. मी ते विसरूनही गेले होते.

स्पर्धा अर्ध्यावर आली आणि तुम्ही गेलात. सकाळी परसात फुलं तोडायला गेलात, जास्वंदीपाशी टेकलात ते उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसणार. फुलं तुमच्या ओंजळीत होती. ती मी सोडवून घेतली आणि देवाला वाहिली, कारण ती त्याच्यासाठीच तोडलेली होती.

एक मात्र बोलणार आहे. छातीत दुखतंय हे तुम्ही इस्माईलभाईंना सांगितलं होतंत, मला नाही. का? मी सामने बंद करीन म्हणून? केले असते. एका मे महिन्याचे सामने गेले असते, दुसरं काय गेलं असतं?

असो. ते आता लिहून उपयोग नाही.

तुमचा दहावा आला तो नेमका अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. प्रवरेच्या घाटावर सगळे जमले होते. आम्ही बायका वरच्या पायरीवर होतो. गुरुजींनी पिंड मांडला. कावळे समोरच्या लिंबावर बसलेले, पण एकही खाली येईना. महेश हात जोडून म्हणाला, मी आईला सांभाळीन. कावळा हलला नाही. थोरले भाऊजी म्हणाले, बांधाचं मी मिटवून घेईन. नाही. मला बोलवलं. मी म्हटलं, मी ठीक आहे, तुम्ही माझी काळजी करू नका, जा आता. तरी नाही. ऊन चढत होतं. गुरुजींना दुसऱ्या घाटावर जायचं होतं, ते दर्भाचा कावळा करावा म्हणून तयारीला लागले.

तेव्हा कदम सर पुढे झाले. म्हणाले, "त्याला निकाल ऐकायचा असेल."

गुरुजी म्हणाले, "कसला निकाल?" मागून कोणी तरी म्हणालं, बांधाचा दावा होता ना, त्याचा. थोरल्या भाऊजींचा चेहरा पडला. ते घाईघाईने म्हणाले, मी म्हटलं ना मिटवतो म्हणून!

इस्माईलभाई लिंबाखाली उभे होते. तिथूनच म्हणाले, "न्हाई सर. त्यानं सामना बगितला न्हाई अजून. निकाल सांगायचा न्हाई."

"आता तो बघणार कुठे?"

"ते तुमाला काय ठावं? नेम म्हंजे नेम."

बघा, तुमच्या पिंडासमोर हे चाललं होतं. मेलेल्या माणसाला निकाल सांगावा की त्याने सामना बघेपर्यंत थांबावं! गावातली माणसं एकदा यांच्याकडे बघत होती, एकदा त्यांच्याकडे. आणि मला आतून वाटून गेलं, की तुम्ही असता तर आत्ता हात वर केला असता.

सरांनी चष्मा लावला, मोबाईल काढला, त्यात बघितलं. इस्माईलभाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि चपला तिथेच टाकून अनवाणी पायऱ्या चढून निघून गेले. सर वाकले, पिंडाशी काही तरी बोलले. मी परत वरच्या पायरीवर गेले होते, मला ऐकू आलं नाही. आणि कावळा आला. पहिल्याच झेपेत शिवला.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. सर म्हणत राहिले की मी बोललो म्हणून कावळा आला. इस्माईलभाई म्हणत राहिले की मी झाडाखालून हटलो म्हणून आला, आणि मास्तरनं फौजीचा अखेरचा सामना नासवला. सर पारावर दिसले की इस्माईलभाई स्कूटर दुसऱ्या गल्लीने घालायचे. त्यात नुसता राग नव्हता. अख्ख्या बेलापुरात ज्याच्या तोंडून निकाल कानावर पडेल असा एकच माणूस होता, आणि त्याला चुकवलं की झालं! दीड महिना त्यांनी हे सांभाळलं.

आणि इकडे घर? सोनईहून जाऊबाईंचा फोन आला. म्हणाल्या, आता घरात पुरुषमाणूस नाही, ती बाहेरच्या खोलीतली बैठक बंद झाली तेच बरं, लोकांना बोलायला जागा नको. महेश म्हणाला, आई, राहुरीला चल, इथे कुलूप लावू. मी वर्षश्राद्धाचं कारण सांगितलं. तो म्हणाला, बरं, तोपर्यंत टीव्ही तरी नेतो, तू काही बघत नाहीस, रिचार्जचे पैसे फुकट जातात. त्याचं चुकीचं नव्हतं. मी काही बघत नव्हतेच. येत्या रविवारी तो टेम्पो घेऊन येणार असं ठरलं.

बाहेरच्या खोलीत मी केर काढायला जायचे आणि परत यायचे. तुमची खुर्ची मधे होती, गेल्या वर्षी तुमचं भाकीत खरं झालं होतं म्हणून. ती मी हलवली नाही, कारण नियमाने यंदाचा निकाल लागेपर्यंत ती तुमचीच होती.

मग हे पार्सल आलं.

टोप्या मी पाटावर मांडल्या. लाल सरांची, पानाची इस्माईलभाईंची, पिवळी तुमची. त्यांची होती ती त्यांना द्यायलाच हवी होती, पैसे मोजलेली वस्तू ट्रंकेत कुजवायची नाही. परवा दोघांनाही निरोप धाडला, 'तुमच्या मित्राने तुमच्यासाठी काही मागवलं आहे, उद्या सकाळी दहाला या.' दुसराही येणार आहे हे कोणालाच सांगितलं नाही. खोटं बोलले नाही, फक्त बोलले नाही.

सर आधी आले. इस्माईलभाई दारात आले, त्यांना सरांच्या चपला दिसल्या, आणि त्यांनी गळ्यातला रुमाल कानांभोवती गुंडाळला.

"वैनी, त्यांना सांगा, तोंड उघडायचं न्हाई."

सर म्हणाले, "मी काही बोलत नाही."

"बोलले! बोलले, वैनी!"

मी सरांना विचारलं, त्या दिवशी घाटावर तुम्ही त्यांना काय सांगितलंत? सरांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "वहिनी, मला निकाल माहीतच नाही. त्या उन्हात मोबाईलवर काही दिसेना. आणि दिसायला लागलं तेव्हा मी तो बंद केला. मी वाकून एवढंच म्हणालो, फौजी, सामना तुझ्याच घरी लावतो, नेहमीसारखा. तू ये."

मी इस्माईलभाईंना खूण केली, रुमाल सोडा. सरांनी तेच पुन्हा सांगितलं. इस्माईलभाई उंबऱ्यावर बसले. बराच वेळ ते रुमालाची घडी घालत राहिले.

"मंग इतके दिवस सांगितलं का न्हाई?"

"सांगू कसं? मी दिसलो की तू कानावर हात ठेवून पळायचास."

"घरी जाऊन बगितला बी न्हाई?"

"एकटा? एकट्याने काय बघायचं?"

मग इस्माईलभाई आत आले, आपल्या नेहमीच्या जागी बसले, आणि म्हणाले, "तरी पन, सर, कावळा मी हटलो म्हनूनच आला." सर म्हणाले, "बरं बाबा, तू हटलास म्हणून आला." तुम्हाला सांगते, सरांना हार मानताना मी पहिल्यांदा पाहिलं.

म्हणजे बघा, दीड महिना निकाल कोणालाच माहीत नव्हता. ज्याला चुकवत होते त्यालाही नाही. आणि तुम्हालाही नाही. मी उठले, तांदळाचा डबा आणला. दोघांनी मुकाट मोबाईल टाकले. तुमचाही होता कपाटात, तोही टाकला. कशाला, ते विचारू नका.

दार सताड उघडं ठेवलं. ज्याला बोलायचं त्याने आधी बघून घ्यावं: दोन म्हातारे, डोक्यावर लोकरीच्या टोप्या, कानांवरून घाम, आणि मी दाराशी पाटावर तांदूळ निवडत. तुमची पिवळी टोपी तुमच्या खुर्चीच्या हातावर ठेवली. इस्माईलभाई म्हणाले, फौजीला उकडत असंल, म्हनून काढून ठिवलीया. सर हसले.

दोघे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी टीव्हीच्या खालच्या बाजूला पदर धरला आणि बटण दाबलं. सरांनी मान वळवून पाहिलं असावं. म्हणाले, "वहिनी, तुम्ही का डोळे मिटलेत?"

मी म्हटलं, ऊन येतंय.

आता सामन्याचं. कोण कोणाशी खेळलं, ते मी इथे लिहीत नाही. तुम्ही तो बघितलेला नाही, आणि नेम तो नेम. माणसांचं तेवढं सांगते. इस्माईलभाई पहिल्यापासून म्हणत होते, बर्फ मऊ हाय, आज घसरणार कोनतरी. सर म्हणाले, तुझ्या कारखान्यातून नेलेला दिसतोय. कोणाला पेटीत बसवलं की दोघे एकाच वेळी दोन निराळी कारणं सांगायचे आणि पुन्हा दाखवलं की दोघांचीही चुकायची. मधे दोघांचं इतकं जुंपलं की रस्त्यावरून जाणाऱ्या दूधवाल्याने आत डोकावून विचारलं, काका, काही झालं का? इस्माईलभाई त्याला म्हणाले, न्हाई रे, घरचंच हाय.

मी तांदूळ निवडत होते. निवडलेल्यात न निवडलेले कधी मिसळले ते कळलं नाही. शेवटी शेवटी चहा ठेवला आणि दाराशी येऊन उभी राहिले. दूध उतू गेलं. माझं दूध उतू जात नाही, तुम्हाला माहीत आहे. ओटा पुसायला मी सामना संपल्यावर गेले.

संपल्यावर दोघांनी टोप्या काढून घाम पुसला. मग सर म्हणाले, "आता भाकितं." मी सांगितली, तुमचंही सांगितलं. इस्माईलभाईंनी बोटांवर मोजलं, एक, दोन, तीन, आणि बोटं तशीच धरून बसले. मग पाटावर उरलेली टोपी त्यांनी उचलली. पांढरी, निळ्या काठाची. सरांनी ती आपल्या डोक्यावर घालून पाहिली, कानापर्यंत येईना. इस्माईलभाईंनाही आली नाही. माप लहान आहे.

इस्माईलभाई म्हणाले, "वैनी, ही कुनाची हो? आज मान हिचा हाय."

सर माझ्याकडे बघत होते. त्यांनी अर्ध्या वर्गाची चोरी नुसतं बघून पकडलेली आहे.

मी म्हटलं, "ज्यांनी मागवली त्यांना विचारून सांगते."

दोघांपैकी कोणी हसलं नाही. इस्माईलभाईंनी टोपी परत पाटावर ठेवली, हलक्या हाताने, आणि तुमची खुर्ची होती तिथून जरा बाजूला सरकवली. मधली जागा रिकामी केली. तिथे त्यांनी काही ठेवलं नाही. म्हणाले, "येऊं द्या जबाब. तवर ऱ्हाऊ द्या मोकळी."

संध्याकाळी महेशला फोन केला. टेम्पो सांगू नकोस म्हटलं, टीव्ही इथेच राहील. तो म्हणाला, आई, तू बघणार आहेस का? मी म्हटलं, मे महिन्यात लागतो. जाऊबाईंना मी काही सांगितलं नाही, त्यांना उन्हाळ्यात इकडे यायचं आमंत्रण दिलं. त्यांनी बैठक काय असते ते येऊन बघावं, आणि मग बोलावं.

तुम्हाला शब्द देते. रिचार्ज मी बंद करणार नाही, भाजीतून वाचवीन. पुढच्या मे महिन्यात पापडाच्या दिवसांत ते दोघे एकेक करून स्वयंपाकघराच्या दारात येतील आणि नेहमीचंच सांगतील, मी ऐकून घेईन, तोंडातून फुटू देणार नाही. डबा तोच असेल. निकाल तुमच्या आधी कोणी ऐकणार नाही, आणि तुम्हालाही कोणी आधी सांगणार नाही. पिवळी टोपी खुर्चीच्या हातावर असेल. तिला डांबराची गोळी घालून ठेवली आहे, कसर लागणार नाही.

चौथी तेवढी अजून बाहेर आहे. ट्रंकेत घातली नाही, खुंटीलाही लावली नाही. आज देवाचं झाल्यावर आरशासमोरून जाताना हातात होती, पण विचारल्याशिवाय घालणं बरं नव्हे. मी 'मला नका धरू त्यात' म्हटलं होतं हे खरं. तुम्ही त्यावर हो म्हणाला नव्हतात, नाहीही म्हणाला नव्हतात. त्यामुळे माझ्या बाजूने हिशोब लागत नाही.

दोघेही वाट बघताहेत, आणि मधली जागा मोकळी आहे. तरी टोपी कोणाची, ते उलट टपाली कळवावे.

सुमन